डाव्या बाहीची मखमल

"अवो, माझं मखमलीचं झंपर कुठंय?"

मामा बशीत चहा ओतत होते. बशी भरली, वाहिली, चहा पायजम्यावर आला, तरी त्यांचा हात थांबेना. द्वारकाबाई ट्रंकेत अर्ध्या आत वाकल्या होत्या, म्हणून त्यांना ते दिसलं नाही, एवढंच त्या सकाळी मामांच्या बाजूनं घडलं.

"कोणतं झंपर?" मामांनी विचारलं.

"कोणतं म्हंजे? धा-बारा हायेत का माझ्यापाशी मखमलीचे? लग्नातलं. वांगी रंगाचं. बाहीला जरीची पट्टी हे, ते."

"आसंल की खाली."

"खाली वाकळ हे. वाकळीच्या खाली पेपर हे. पेपराच्या खाली ट्रंक संपली."

आता मामा म्हणजे कडूबा शेजुळ. मूळचे कुंभार पिंपळगावचे, राहायला जालन्यात चंदनझिऱ्याला, आणि नोकरी एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून. नोकरीला छत्तीस वर्षं झाली. त्यांना कडूबा म्हणून हाक मारणारे सगळे केव्हाच रिटायर होऊन गेले, उरलेले शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे मामा म्हणत. येत्या तीस तारखेला मामाही रिटायर होणार होते. निरोप समारंभ ठरला होता, बायकोलाही बोलावलं होतं, आणि द्वारकाबाईंनी आपला बेत महिन्याभरापूर्वीच जाहीर केला होता.

"नोकरी लागली त्या सालीच लग्न झालं. मंग नोकरी सुटायच्या दिशी मी लग्नातलाच शालू नेसून येणार. आन तेच झंपर. टेलरला इचारलंय म्या, बाजूनं पट्टी लावून देतो म्हणला."

त्या दिवशी मामा 'बरं' म्हणाले होते. दुसरं काय म्हणणार?

"सापडंल," आत्ता ते म्हणाले. "जातं कुठं?"

ते कुठं गेलं हे साऱ्या जालना जिल्ह्यात फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस ओला पायजमा बदलायला आत गेला.

लपवून ठेवण्यात अर्थ नाही, सांगूनच टाकतो. झंपर मामांनी कापलं होतं. एकदा नाही, तीन वर्षं, जरा जरा करून. ट्रंकेची किल्ली पहिल्यापासून भिंतीच्या खिळ्यालाच असायची, आणि द्वारकाबाई दर गुरुवारी दुपारी भजनाला जायच्या. मामांच्या अंगी वाईट खोड कुठलीच नाही. विडीसुद्धा नाही. पण ज्योत्स्ना मॅडमच्या पीएचडीनं त्यांना चोर केलं.

ज्योत्स्ना खरात मॅडम पाच वर्षांपूर्वी कॉलेजात आल्या. पोरगी हुशार, कामाला वाघीण, आणि मामांशी बोलताना 'अहो-जाहो'. त्यांचा विषय द्रवस्फटिकांचा. मोबाईलच्या पडद्यात असतात, मोंढ्यात धान्य तोलायच्या काट्यावर आकडे दिसतात त्यात असतात, ते. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात मामांना समजावून सांगितलं होतं, "मामा, हे पाण्यासारखं वाहतं, पण आतले रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात."

"म्हंजे चालती लाईन," मामा म्हणाले.

"अगदी बरोबर!" मॅडम म्हणाल्या, आणि मामा त्या दिवसापासून त्या विषयाचे झाले.

प्रयोग सांगायला सोपा होता. काचेचे दोन चौकोनी तुकडे, मधे केसाहून कमी फट, त्या फटीत द्रवाचा थेंब. काचांना वीज जोडायची आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. कमी विजेला काही नाही, द्रव गप पडून असतो. वीज सातेक व्होल्टपर्यंत चढवली की त्याला एकाएकी काय होतं कुणास ठाऊक, पण तो आतल्या आत घुसळायला लागतो आणि पट्टे उमटतात. एक काळा, एक उजळ, पुन्हा काळा, तिफणीनं पेरलेल्या तासांसारखे ओळीनं. वीज आणखी वाढवली की पट्टे नागमोडी होतात, मग चौकड्या पडतात, आणि शेवटी नुसतं खदखदतं. मॅडमना यावर दोनशे पानं लिहायची होती. मामा पोरांना एका दमात सांगायचे, "सातला शाळा भरती, धाला पोरं चुळबुळ करून राह्यलीत, पंधराला सुटती."

पण शाळा भरायला आधी रांग लागते, आणि रांग लागते काचेच्या घासण्यानं. काचेवर एक पातळ लेप देऊन तो मखमलीनं घासायचा, एकाच दिशेनं. तेवढ्यानं लेपाला वळण पडतं आणि रेणू त्या वळणानं उभे राहतात. हात एकदा जरी उलटा फिरला तरी संपलं. मॅडम सहा महिने काचा घासत होत्या आणि पट्टे असे यायचे, की जणू लहान पोरानं भिंतीवर कोळसा ओढलाय.

त्यात मखमल मिळेना. मॅडमनी ऑफिसात अर्ज दिला. खरेदी बघणारे राधेश्यामजी, त्यांनी शेरा मारून परत केला : 'भौतिकशास्त्र विभागास मखमलीचे प्रयोजन काय?' मॅडमनी प्रयोजन दोन पानं लिहून दिलं. तेव्हा तीन दुकानांची दरपत्रकं मागितली. तीही दिली. दहाव्या महिन्यात मखमल आली, ती मंडपवाल्याकडची, लालभडक, खराट्यासारखी राठ. काचेवर फिरवली की ओरखडे उठायचे. तिचं पुढं स्टेजवरच्या खुर्चीला कव्हर झालं.

एके दिवशी मामांनी पाहिलं, मॅडम काच हातात घेऊन रडकुंडीला आल्या होत्या.

"मॅडम, ते काम माझ्याकडं द्या."

मामांचा तळहात कुंभार पिंपळगावात शिकलेला होता. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदामळणीला बैलांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, ती कशी, हे त्यांच्या बापानं त्यांना सातव्या वर्षी शिकवलं होतं. हात लवीच्या अंगानं जाऊ द्यायचा, मानेकडून पाठीकडं. परत आणायचा तो वरून, हवेतून. कातडीवरून उलटा आणला की बैल अंग थरथरवतो आणि लाथ घालतो. काच लाथ घालत नाही, पण बाकी नियम तोच.

हाताचं झालं, मखमलीचं काय? दुसऱ्या दिवशी मामांनी घरून चार बोटं रुंदीची पट्टी आणली. वांगी रंगाची, मऊसूत, आणि डांबरगोळ्यांचा वास मारणारी. काचेवर मोजून एकवीस हात फिरवले. दुपारी मॅडमनी वीज चढवली आणि मायक्रोस्कोपमधून डोकं काढून अशा ओरडल्या की शेजारच्या केमिस्ट्रीतून माणसं विझवायला वाळूच्या बादल्या घेऊन आली. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ पट्टे!

"मामा, कुठली हो ही मखमल?"

"हे अशीच. घरी पडलेली."

मॅडमनी वहीत लिहिलं, 'मखमल : स्थानिक बाजारातील.'

एक पट्टी चाळीसेक काचा काढायची, मग तिला टक्कल पडायचं. मामा नवी आणायचे. पहिली पट्टी कापली तेव्हा त्यांच्या मनात होतं की संध्याकाळी बायकोला सांगावं. राहिलं. दुसरी कापल्यावर सांगणं अवघड झालं. पाठच निघाली तेव्हा मात्र सांगण्यात काही राम उरला नाही. थीसिसचं एकेक प्रकरण वाढत गेलं, तसं झंपर कमी होत गेलं. शेवटी डावी बाही तेवढी उरली. ती मामांनी प्रयोगशाळेतल्या आपल्या कपाटात, स्पिरिटच्या बाटल्यांमागं नेऊन ठेवली होती.

संध्याकाळी मामा घरी आले तर द्वारकाबाईंनी चोर शोधून ठेवला होता.

"वंदनाच! दिवाळीला आल्ती तवा ही ट्रंक उघडून बसली व्हती ती. लावते फोन."

वंदना म्हणजे मामांच्या धाकट्या भावाची बायको, पिंपळगावला असते. दोघी जावांचं तीस वर्षांत कधी भांड्याला भांडं लागलं नव्हतं. निरोपाला ती पोरांना घेऊन येणार होती, साऱ्या स्टाफसाठी धपाटे करून आणणार होती. मामा मधे पडायच्या आत फोन लागला.

"वंदे, खरं सांग, माझं मखमलीचं झंपर तू नेलं का?"

"मी? ताई, तुमचं झंपर मला बसंल का? माझी एक बाही व्हईल त्याची!"

"म्हंजे घालून पाह्यलं तू!"

झालं. पुढची दहा मिनिटं मामा भाकरीचा एकच तुकडा चावत बसले. दोघींनी तीस वर्षांचं सगळं काढलं. बारशातली पैंजणं निघाली, कुणाच्या तरी लग्नात कुणाला तरी उशिरा वाढलं होतं ते निघालं. शेवटी वंदना रडत म्हणाली, "चोर म्हणून मी न्हाई यायची तिथं. भावजींना सांगा, धपाटे आता घरीच करून खा म्हणावं." आणि फोन ठेवला.

"अगं, वंदना तशी न्हाई…" मामांनी तोंड उघडलं.

"घ्या, तुमी तिचीच बाजू घ्या!" द्वारकाबाईंचे डोळे भरले होते. "झंपराचं जाऊ द्या हो. पर तिनं खोटं बोलावं मला?"

मामांनी हातातला तुकडा ताटात ठेवला. त्या माणसाला त्या रात्री स्वतःची खरोखर लाज वाटली. पण कबुली ओठापर्यंत आली आणि तिथंच थबकली.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पाहतात तर मॅडमचा चेहरा पडलेला.

"मामा, परीक्षक येतायत. तीस तारखेलाच. सोमेश्वर सर."

हे सोमेश्वर सर मूळचे सोलापूरचे, पण आता दक्षिणेतल्या कुठल्याशा विद्यापीठात मोठे प्राध्यापक. त्यांचं नाव निघालं की पीएचडीची पोरं राजूरच्या गणपतीला नवस बोलत, अशी त्यांची ख्याती. त्यांनी कळवलं होतं, की थीसिसमधले पट्टे संशय यावा इतके सरळ आहेत. माझ्यासमोर कोऱ्या काचेपासून सुरुवात करा आणि दाखवा. दिसले तर सही, नाही तर सगळं पुन्हा.

"आधीच्या पट्टीला टक्कल पडलंय," मॅडम म्हणाल्या. "मामा, ती मखमल आहे ना अजून थोडी? नसली तर माझी पाच वर्षं गेली."

"हे," मामा म्हणाले. "बिलकुल फिकर करू नका."

दुपारी अर्धी रजा टाकून, बाही खिशात घालून ते बाजारात गेले. मनात हिशेब असा, की तशीच मखमल मिळाली तर काचही साधेल आणि गुपचूप नवं झंपरही शिवता येईल. सात दुकानं झाली. मामा प्रत्येक ताग्यावर डोळे मिटून तळहात फिरवायचे, एकदा लवीनं, एकदा उलटा, आणि मान हलवायचे. आठव्या दुकानदाराचा धीर सुटला. "काका, घ्यायचंय का नुसतंच गोंजारायचंय?"

"आसली न्हाई का?" मामांनी खिशातून बाही काढली.

दुकानदारानं बाहीवरून अंगठा फिरवला आणि एकदम आदबीनं बोलायला लागला. "हा माल आता कुठं, काका. हैदराबादला सुद्धा न्हाई मिळायचा. सांभाळून ठेवा."

सांभाळून ठेवा! मामा बाही घडी करून परत निघाले. रस्त्यातच त्यांनी ठरवलं : तीस तारखेला बाही काचेला लावायची, आणि घरी गेल्यावर बायकोसमोर बसून सगळं सांगून टाकायचं. पोरीची पाच वर्षं बुडवण्यापेक्षा आपण शिव्या खाव्यात. मग वंदनालाही फोन करायचा.

तीस तारीख उजाडली. द्वारकाबाई शालू नेसल्या, त्यावर नारिंगी झंपर घातलं, आणि आरशात बघून म्हणाल्या, "गाजराच्या हलव्यागत दिसून राह्यले मी." मामा पुढं निघून गेले. समारंभ चारला होता.

प्रयोगशाळेत सोमेश्वर सर बाराच्या ठोक्याला आले. बारीक अंगाचे, चष्मा कपाळावर, हसणं नाही. मॅडम हात पाठीमागं बांधून उभ्या होत्या. मामांनी काच टेबलावर ठेवली, खिशातून बाही काढली, जरीची पट्टी मुठीत झाकली आणि सुरुवात केली. हात पुढं, वर, हवेतून मागं. हात पुढं, वर, मागं. एका काचेवर एकवीस झाले. दुसरी काच घेतली.

"भाभीजी, हॉल को ताला है अभी. इथं बसा स्टुलावर, पंखा आहे," दारातून राधेश्यामजींचा आवाज आला.

द्वारकाबाई तीन तास आधी आल्या होत्या. बायको वेळेआधी येईल हे मामांच्या गणितात नव्हतं. नऊ हात झाले होते, दहाव्याला हात हवेत होता, आणि मुठीतून सुटलेली जरीची पट्टी खिडकीच्या उन्हात चमकली.

नवरा-बायकोची नजरानजर झाली. मामांचा हात हवेतच राहिला.

"थांबलात का?" सोमेश्वर सर म्हणाले. "एका दमात व्हायला हवं ना?"

व्हायला हवं होतंच. मामांनी एकदा मॅडमकडं पाहिलं, आणि हात खाली आणला. दहा. अकरा. बारा. लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं हातही पूर्वी कधी चालला नव्हता इतका स्थिर चालला. द्वारकाबाई स्टुलावर बसल्या. 

काचा जोडल्या. थेंब आत शिरला. तारा लावल्या आणि मॅडमनी बटण फिरवायला सुरुवात केली. सोमेश्वर सरांचा डोळा मायक्रोस्कोपला.

"पाच व्होल्ट. सहा. साडेसहा."

"काही नाही," सर म्हणाले.

"सात. सात पॉइंट एक. सात पॉइंट दोन."

"काही नाही."

 मॅडमनी बटण आणखी फिरवायला हात नेला, तर मामा पुढं झाले. "दम धरा, मॅडम. उंबऱ्यावर हे. जल्दी केली की सगळे एकदम घुसतेत. सावकाश येऊ द्या."

एक मिनिट गेलं. दीड गेलं.

"आले," सोमेश्वर सर म्हणाले. मग त्यांनी काच या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहिली. डोकं वर काढलं तेव्हा त्यांच्या तोंडावर हसू होतं आणि त्यामुळं ते दुसरेच कुणी वाटत होते. "एक पट्टा तुटलेला नाही! मॅडम, संशय घेतला, माफ करा."

ज्योत्स्ना मॅडमनी वही ओढून आकडा लिहिला.

"फक्त एक सांगा. मखमल 'स्थानिक बाजारातील' असं लिहिलंय. मी माझ्याकडं सात मखमली वापरल्या, असं येत नाही. दुकान कोणतं?"

मॅडमनी मामांकडं पाहिलं. मामांनी फरशीकडं. छत्तीस वर्षं पुसलेली ती फरशी त्यांनी इतकी निरखून कधी पाहिली नव्हती.

"दुकान कशाचं?" स्टुलावरून आवाज आला. "राजूरच्या माझ्या बापानं हैदराबादहून आणल्ती. एकोणनव्वद साली."

"आपण?"

"मी ह्यांची बायको. आन ह्यांच्या मुठीत हे ना, ती माझ्या लग्नातल्या झंपराची डावी बाही हे."

सोमेश्वर सर पडले संशोधक. त्यांनी गंभीरपणे विचारलं, "आणि बाकीचं झंपर?"

"पाठ पहिल्या दोन प्रकरणांत गेली, सर," मामा हळूच म्हणाले. "उजवी बाही तिसऱ्यात. पुढचा भाग चौथ्यात आन पाचव्यात."

"तीन दिस झाले!" द्वारकाबाई उठल्या. "तीन दिस मी वंदनाला चोर म्हणून राह्यले, आन चोर माझ्याच हातची भाकर खाऊन राह्यला! लाज न्हाई वाटली?"

"वाटली."

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"आज सांगणार व्हतो."

"सगळं संपल्यावर!"

"चुकलो मी, द्वारके," मामा म्हणाले. परीक्षकासमोर, मॅडमसमोर, दारातल्या राधेश्यामजींसमोर म्हणाले. "पयल्याच दिशी इचारायला पाह्यजे व्हतं. तू न्हाई म्हणली आसती म्हणून इचारलं न्हाई."

मॅडम रडायलाच लागल्या. "मावशी, मला खरंच माहीत नव्हतं हो. मला वाटलं चिंधी आहे घरातली."

"तू काहून रडती, बाई? तुझा काय दोष?" द्वारकाबाईंनी शालूचा पदर खोचला. "व्हा बाजूला. दाखवा मला, काय केलं माझ्या झंपराचं ते."

त्यांनी मायक्रोस्कोपवर वाकून आधी दोन्ही डोळे मिटले. मॅडमनी सांगितल्यावर एक उघडला. मग त्या तशाच वाकून राहिल्या.

"आगं बया," त्या पुटपुटल्या. "हे तर जितं हे. हलून राह्यलंय आत."

मॅडमनी दाखवायला म्हणून वीज वाढवली.

"आरं आरं, वाकडं झालं! मोडलं की सगळं! काहून मोडलं?"

"वीज जास्त झाली, मावशी. कमी केली की परत येतात. बघा हं."

मॅडमनी बटण सावकाश मागं फिरवलं.

"आले," द्वारकाबाई म्हणाल्या. "बराबर आले." त्यांनी मान वर केली आणि पदरानं डोळा पुसला. बारीक बघितल्यानं पाणी आलं, असं कुणी विचारलं नसताना सांगितलं. मग पिशवीतून मोबाईल काढला.

"वंदे? झंपर सापडलं… कुठं म्हंजे? कॉलेजात. शिकून राह्यलंय ते… अगं, भावजींनीच नेल्तं तुझ्या. मी चुकले, वंदे. उगा बोलले तुला. तोंड जळो माझं… रडू नको. चारला कार्यक्रम हे, पोरांना घेऊन निघ जल्दी. धपाटे न्हाई झाले तर न्हाई."

समारंभ व्हायचा तसा झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. प्राचार्य म्हणाले, "छत्तीस वर्षांत शेजुळ मामांनी कॉलेजची एक टाचणीसुद्धा घरी नेली नाही!"

"हाव," दुसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "घरचंच कॉलेजात नेलं."

वंदना शेजारीच बसली होती. दोघी जावा तोंडाला पदर लावून अशा हसल्या, की मामांना दोन शब्द बोलायला उभं केलं तेव्हा त्यांना एकही सुचला नाही. सोमेश्वर सरांनी तीन धपाटे खाल्ले.

निघताना मामा किल्ल्या द्यायला प्रयोगशाळेत गेले. पाठोपाठ द्वारकाबाई. त्यांनी नवऱ्याच्या खिशातून बाही काढून घेतली, उजेडात धरली, आणि केसातली पिन घेऊन जरीची पट्टी टाका टाका उसवली. पट्टी स्वतःच्या बटव्यात टाकली. मखमल ज्योत्स्ना मॅडमच्या हातावर ठेवली आणि तिच्यावर त्यांचंच बोट धरून फिरवलं.

"लव ह्या अंगानं हे. उलटी फिरवू नको."

मार्चात मॅडम पेढे आणि थीसिस घेऊन चंदनझिऱ्याला आल्या. काळं जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, वर सोनेरी अक्षरं, आत सगळं इंग्रजी. मॅडम गेल्यावर मामांनी चष्मा लावून आपलं नाव शोधलं. आभाराच्या पानावर सापडलं, ग्रंथपालांच्या खाली आणि इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याच्या वर. मामांना बरं वाटलं. मग त्यांनी, मॅडम खूण घालून गेल्या होत्या ते पान उघडलं, आणि बोट ठेवून द्वारकाबाईंना मराठीत वाचून दाखवलं.

"मखमल : सौभाग्यवती द्वारकाबाई शेजुळ, राजूर, यांच्या विवाहातील वस्त्रामधून. साल एकोणीसशे एकोणनव्वद."

"परत वाचा."

मामांनी परत वाचलं. मग आणखी एकदा वाचलं.

"हे सगळीकडं जाणार का?"

"मोठमोठ्या लायब्रऱ्यांत."

"वंदनाचं नाव न्हाई ना कुठं?"

"तिचं कशाला आसंल?"

"टाकायला पाह्यजे व्हतं खरं. लई बोलले मी तिला." द्वारकाबाईंनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडं, आणि पुस्तक मिटलं.

त्यांनी ट्रंक उघडली. वाकळ बाजूला सारली. तळच्या पेपरावर, जिथं झंपर असायचं तिथं, थीसिस ठेवला, वर जरीची पट्टी ठेवली, दोन डांबरगोळ्या टाकल्या, आणि वाकळ नीट पसरली. कुलूप लावून किल्ली हातात घेतली. खिळ्याकडं पाहिलं, आणि किल्ली कमरेला खोचली.

"खिळ्याला ऱ्हायची ती," मामा म्हणाले.

"ऱ्हायची," द्वारकाबाई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या.